वरून आलेला चीक

"आबाजीला पगार लावू नको गो," गोदूबाईंनी सांगितलं होतं. "म्हशी अर्ध्यानं हायत तवर तो आपलं डोकं चालवतो. पगार लावलास का तू बोलशील तेवढंच करील. त्याच्या वर नाय, त्याच्या खाली नाय."

कुमुदनं मान वर केली नव्हती. मांडीवर कुंदा दूध पीत होती आणि मोकळ्या हातानं ती पेंडवाल्याच्या पावत्या लावत होती. "बोललेलं तेवढं केलं तरी देव पावला म्हणायचा, आत्याबाई," ती हसून म्हणाली. "आपला सदू बघा. सांगितलेल्यातलं निम्मंसुद्धा करत नाही."

सदू गोठ्यातून ओरडला, "ऐकतोय मी हां, वयनी!"

"बघा. कान तेवढे कामावर हजर."

गोदूबाईही हसल्या. एकदा सांगायचं आणि सुपारी कातरायला घ्यायची, तेच ते पुन्हा उगाळायचं नाही, ही त्यांची रीत. सुनेनं ऐकलं नाही म्हणून रुसून बसणं तर त्यांना माहीतच नव्हतं.

ही गोष्ट अक्षय तृतीयेच्या आसपासची. आता श्रावण निम्मा सरला होता आणि कुमुद सकाळपासून ओटीवर येरझारा घालत होती. पोलादपूरच्या वरच्या डोंगरातला तो म्हातारा आबाजी आपल्या घरात सुखरूप आहे की दुधाची चरवी डोक्यावर घेऊन पावसात कुठं अडकला आहे, एवढंच तिला कळायला हवं होतं. तेच कळत नव्हतं.

पण हे असं मधूनच सांगून उमगायचं नाही. आधी म्हशींचं सांगितलं पाहिजे.

तुडीलला सावित्री नदीच्या अंगाला हा गोठा घातला तो कुमुदच्या सासऱ्यांनी, हौसेपोटी. ते गेले आणि गोठा मागे उरला. मुलगा मालोजी मुंबईला गोदीत कारकून. नोकरी सोडून गावी यायचं त्याचं दर दिवाळीला ठरायचं आणि शिमग्याला मोडायचं. शेवटी पुण्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झालेल्या बायकोच्या हाती त्यानं गोठा दिला. "तुझं शिक्षण म्हशींच्या तरी उपयोगी पडू दे," असं जाताना म्हणाला, आणि आपल्याच विनोदाला हसत गाडीत चढला.

शिक्षण उपयोगी पडलं, हे खरं. महाडला जाणाऱ्या दुधातलं निम्मं स्टँडजवळच्या दत्तारामच्या हॉटेलात जायचं, बाकीचं तळ्याच्या आसपासच्या घरांना रतीब म्हणून. नवे पैसे येऊन फार काळ लोटला नव्हता आणि दत्ताराम त्या नव्या पैशांवर खूश होता.

"आण्याचे सहा नवे पैसे, वयनी. सरकारनंच ठरवलंय."

"मग चार आण्यांचे किती?"

"पंचवीस. ते बी सरकारनंच ठरवलंय."

"आणि तुम्ही मला आणा आणा मोजून चोवीस देता."

"तुम्ही शिकलेल्या बायका," दत्ताराम गल्ल्यावर हात ठेवून म्हणायचा, "पैशापैशाला माणसाची अब्रू काढता." पण त्या दिवसापासून पंचवीस देऊ लागला.

अशी लहान लहान छिद्रं बुजवत ती पुढं गेली तेव्हा एक मोठं भगदाड तिला दिसलं. दूध कितीही विका, वैरण, पेंड, सदूचा पगार आणि नासलेल्या दिवसांचा तोटा वजा जाता हातात जेमतेम घरखर्च राहायचा. गोठा वाढायचा तो पारड्यांवर, म्हशींच्या मादी पिलांवर. घरची पारडी मोठी होऊन व्याली की बाजारातून म्हैस आणायचा खर्च वाचायचा. आणि नेमकी पारडी झाली की तिची अर्धी किंमत घराबाहेर जायची.

त्याचं कारण पावसाळा. पावसात खाली खोऱ्यात जिकडेतिकडे भात उभं असतं, गुराला तोंड घालायला जागा नसते. म्हणून आटलेल्या, गाभण म्हशी पावसाआधी डोंगरावर पाठवायच्या आणि नवरात्र झालं की आणायच्या. वर गवत रग्गड. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत अशी की सांभाळणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत. पुढं पारडी झाली तर तिची किंमत अर्धी अर्धी. आणि एखादी म्हैस वरच व्याली, तर तिचा चीक, म्हणजे खरवसाचं ते पहिलं पिवळं दूध, सांभाळणाऱ्याचा. आबाजी आणि त्याची बायको धोंडूबाई तुडीलच्या म्हशी सांभाळत आले ते ह्याच बोलीवर.

कुमुदनं आकडे मांडले. पारडीची अर्धी किंमत तीन पावसाळ्यांच्या पगारापेक्षा कितीतरी जास्त होत होती. आणि ह्यात आबाजीवर अन्याय होता असंही नाही. गेली काही वर्षं त्याच्या वाट्याला नुसती नर रेडकं आली होती. रेडकाला कोण विचारतं, त्याचं अर्धं म्हणजे काहीच नाही. दोघं नवराबायको पावसाळाभर राबून हात हलवत परत जायची. त्यापेक्षा महिन्याचा रोख पगार बरा, असं तिला मनापासून वाटलं.

म्हशी न्यायला दोघं खाली आली तेव्हा तिनं ओटीवर बसवून चहा देऊन हे समजावून सांगितलं.

"म्हंजे म्हैन्याच्या म्हैन्याला?" धोंडूबाईचे डोळे चमकले. "रोख?"

"रोख."

"मग औंदा घोंगड्या नव्या. ह्यांची तर चाळण झालीया. पाऊस आतनं पडतो का भायेरनं, कळत नाय."

आबाजी बशीतला चहा फुंकत होता. "आन पारडी झाली तर?"

"ती आमची. पण रेडकू झालं तरी तुमचा पगार चालूच."

"आन एखादी वरच व्याली तर? दूध?"

कुमुदनं हा विचार केलाच नव्हता. तिच्या हिशेबानं सगळ्या म्हशी नवरात्रानंतर व्यायच्या होत्या. पण व्यवहार म्हटला की तो चारी बाजूंनी बांधलेला असावा, मोघम काही राहू नये, असं तिला वाटायचं. ती म्हणाली, "दूधही आमचंच. आता पगार आहे ना."

"बरं, सूनबाय," आबाजी म्हणाला. त्यानं बशी पालथी घातली आणि म्हशींची दावी सोडायला उठला.

त्यानंतर सगळं सुरळीत होतं. परवापरवापर्यंत.

सदू महाडला दूध घालून परतला तो एक झाकलेली चरवी घेऊन. तोंडाला केळीचं पान, वर सुंभाची गाठ.

"वरून आलंय. आबाजीनं पोलादपुरास्नं यष्टीवर दिलं, कंडक्टरनं दत्तारामकडं ठेवलं. चांदी व्याली. पारडी हाय!"

कुमुदनं कुंदाला उचलून एक गिरकीच घेतली. चांदी गोठ्यातली सगळ्यात दुधाळ म्हैस, आणि तिला पारडी. "पण इतक्या लवकर? तू तर दिवाळीनंतर रेड्याकडं नेली म्हणाला होतास!"

"नेली ती दिवाळीनंतरच. त्याच्या आदी आपली आपण जाऊन आली आसंल. मला सांगून जाते का काय?"

पान सोडलं तर आत घट्ट, हळदीच्या रंगाचा चीक. कुमुदनं गूळ किसायला घेतला. गोदूबाई चरवीकडं बघत राहिल्या, पण हात लावला नाही.

"चीक खाली कधी येत नाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"वरचा चीक वरच ऱ्हातो. पयली धार डोंगरावरच्या देवाला, मग घरोघर वाटी वाटी. साऱ्या वाडीला खरवस. मी लगीन होऊन आले तवापासनं एकदाबी खाली आला नाय."

"मीच म्हटलं होतं त्यांना, दूध आमचं म्हणून."

"मग त्यानं तुझं तुला दिलंन."

खरवस झाला. छान झाला. कुमुदनं पहिली वडी तोंडात घातली आणि मगच तिच्या मनात आलं, की ही चरवी पोलादपूरपर्यंत आली कशी? वाडी डोंगराच्या माथ्यावर. तिथून उतरण, उतरणीच्या पायथ्याशी पऱ्ह्या, म्हणजे ओढा, पऱ्ह्यावर लाकडाचे ओंडके टाकून केलेला साकव, मग कुठं रस्ता. श्रावणात त्या उतरणीवर शेळीसुद्धा जपून पाय टाकते. आणि आबाजीचा एक गुडघा वाकत नव्हता. ओटीवरून उठताना खांब धरावा लागायचा, हे तिनं स्वतः पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चरवी आली. अर्धीच भरलेली.

"म्हातारा कमरेपातूर चिखलानं भरलेला होता म्हणं," सदूनं सांगितलं. "कंडक्टर बोलला, आजोबा, पडलात वाटतं. तर म्हणाला, मी पडलो, चरवी नाय पडू दिली सगळी."

कुमुदला ते ऐकून हसू आलं नाही. तिनं त्याच पावली सदूला परत पाठवलं. "कंडक्टरला सांग, पोलादपूरला चांगूच्या चहाच्या दुकानात निरोप ठेव म्हणावं. आबाजी आला की सांगायचं, दूध खाली आणू नका. तुम्हीच प्या, देवाला घाला, वाडीत वाटा, काय वाटेल ते करा."

निरोप गेला. आणि त्याच संध्याकाळी पाऊस असा लागला की सावित्री काठ सोडून शेतात शिरली. महाडच्या बाजारात पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सदूची बैलगाडी दूध घेऊन निम्म्या वाटेवरून माघारी आली. सगळं दूध घरात. गोदूबाईंनी विरजणाला लावलं, तूप कढवलं, तरी भांडी पुरेनात. एरवी कुमुदनं ह्या तोट्यानं जेवण टाकलं असतं. आता तिचं तिकडं लक्षच नव्हतं. पोलादपूरची एस. टी. बंद होती. आबाजीला निरोप मिळाला की नाही, हे सांगायला कोणी नव्हतं.

कुंदाला खोकला झाला होता. कुमुद तिच्या छातीला कान लावून बसायची, घरघर ऐकायची, मग उठून दाराशी जायची, आभाळाकडं बघायची, पुन्हा येऊन कान लावायची.

"अगो बस जरा एका जागी," गोदूबाई म्हणाल्या. "पोरीला झोप लागली तरी तू तिला उठवून बघतीयास, झोपलीय का म्हणून."

"आत्याबाई, असल्या पावसात तो नाही ना निघणार?"

गोदूबाईंनी सुपारी कातरायला घेतली.

"निघेल कशाला? वेडा आहे का तो?"

"वेडा नाय. पण म्हस पिळल्याबिगर तो ऱ्हाणार नाय, तिची कास दगडावानी होईल. आन पिळलेलं दूध त्याचं नाय."

"मग ओतून द्यावं!"

"दूध मातीत ओतील? आबाजी?" गोदूबाईंनी तिच्याकडं असं पाहिलं की कुमुद उठून पुन्हा दाराशी गेली.

ती मनातल्या मनात त्याच्याशी भांडू लागली. इतका शब्दाला शब्द धरून चालणारा माणूस असतो का कुठं? आपण काय चरवीभर दुधासाठी त्याला डोंगर उतरायला सांगितलं होतं? बोलणी झाली ती पगाराची. त्यात एक गोष्ट ओघात आली, दूध आमचं. असं म्हणतात माणसं. दर वाक्यापुढं 'पण पाऊस फार असला तर नाही' असं थोडंच जोडतात? ती भांडत राही आणि भांडून झालं की तिला दिसे तो बशी पालथी घालणारा हात. त्यानं तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं. दूध त्यांचं. ते पोचतं करायचं. पगार त्यासाठीच.

पाऊस जरा उघडला, महाडचं पाणी ओसरलं, एस. टी. सुरू झाल्याची बातमी आली. कुमुदनं लुगडं बदललं.

"जा," तिनं काही बोलायच्या आतच गोदूबाई म्हणाल्या. "पोरगी माझ्याजवळ ऱ्हाईल. पण दुपारच्या गाडीनं माघारी ये. ही वरचं दूध तोंडात घेत नाय, तुला ठाऊक हाय."

महाडपर्यंत बैलगाडी, पुढं एस. टी. गाडीत सगळीकडं ओल्या घोंगड्यांचा वास. रस्त्यावर जागोजाग माती आली होती, गाडी थांबे, माणसं उतरून दगड बाजूला करत, पुन्हा चढत. पोलादपूरला उतरली तेव्हा तिचा पदर खांद्यापाशी ओला झाला होता. पावसानं की दुधानं, हे तिचं तिलाच कळलं. कुंदाची पाजायची वेळ होऊन गेली होती.

चांगूच्या दुकानात चूल धुमसत होती. कुमुदनं नाव सांगताच तो चपापला.

"तुम्ही त्या तुडीलच्या दूधवाल्या वयनी? तुमचा निरोप हाय माझ्यापाशी. तसाच ऱ्हायलाय."

"आबाजी आला नाही?"

"आला हो. निरोपाच्या आदी आला. निरोप नंतर घावला. गाडीवाला निरोप द्यायला इसरला, दुसऱ्या फेरीला दिलान."

"कधी आला होता?"

"ज्या दिशी लय लागला ना, त्या दिशी. हितंच बसला, ह्या बाकड्यावर. चरवी मांडीवर. मी बोललो, आज गाडी येत नाय बाबा, जा घरी. तर बोलला, येईल. दुपार झाली, गाडी कसली येतीया! मी बोललो, आबा, दूध नासंल, मला दे, चहाला घालतो, पैसे घे. तर माझ्यावरच तापला. बोलला, मालकिणीचं इकून पैसे घेऊ व्हय?"

"मग?"

"मग काय! चरवी उचलली न्‌ निघाला वर. मी बोललो, आता हे नासकं दूध डोंगरावर न्हेऊन काय करणार? तर बोलला, पारडीला पाजीन. ती बी त्यांचीच हाय, त्यांचं त्यांच्याकडंच ऱ्हाईल." चांगू हसला, आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून हसायचा थांबला.

"पोचला ना वर?"

"पोचला आसंल की. सवय हाय त्याला."

"कोणी पाहिलं?"

"वयनी, त्या पावसात कोण कोणाला बगतंय? आन सांजच्याला साकव गेला. पाण्यानं उचलला तो पार खाली फुटला. तवापासनं वरनं कोण खाली नाय, खालनं कोण वर नाय."

"साकव संध्याकाळी गेला. आणि तो निघाला दुपारी."

"व्हय."

"म्हणजे आधीच ओलांडला असेल."

"आसंल," चांगू म्हणाला. मग चुलीकडं बघत, "त्याचा पाय लंगडा, वयनी. वाटंत कुठं टेकला बसला आसंल तर मला काय म्हाईत? पर टेकत नाय तो. नाय टेकायचा."

ती पऱ्ह्यापर्यंत चालत गेली. चांगू दुकान उघडं टाकून मागोमाग आला. पाणी लालभडक, उतरलेलं म्हणे, पण त्यात पाय घालायची कुणाची छाती झाली नसती. ह्या काठाला साकवाचे दोन ओंडके चिखलात रुतून उभे होते. पलीकडं पायवाट करवंदीच्या जाळीत शिरत होती. एरवी तिथून माथ्यावरच्या घरांचा धूर दिसतो, चांगू म्हणाला. आज ढग निम्म्या डोंगरापर्यंत खाली आले होते आणि वर काही आहे की नाही, हेही दिसत नव्हतं.

तिनं हाक मारली. "आबाजी!" कॉलेजात गॅदरिंगमध्ये मोठ्यानं बोलायची तिला सवय होती, पण आवाज पाण्याच्या पलीकडं गेलाच नाही.

"पाणी उतराय अजून येळ लागंल," चांगू म्हणाला. "उतरलं का मी कोणाला तरी धाडतो."

"कोणाला?"

"बघतो."

ते 'बघतो' तिला पुरेना. गाडीची वेळ होत आली होती. छाती दगडासारखी झाली होती, दुखत होती. घरी कुंदा रडून रडून निळी पडली असेल, तिचा खोकला, गोदूबाईंचा खांदा, सगळं डोळ्यांपुढं येत होतं. तिला थांबायचं होतं आणि थांबणं शक्य नव्हतं. स्टँडवर येऊन ती दिसेल त्याला सांगत सुटली. कंडक्टरला सांगितलं. महाबळेश्वरच्या बाजूला रस्त्याची माती काढायला निघालेल्या मजुरांना सांगितलं. पानाच्या टोपल्या घेऊन बसलेल्या दोघी बायकांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण त्या उलट्या दिशेच्या होत्या. गाडी सुटली तरी खिडकीतून चांगूला ओरडून सांगत होती.

तुडीलला परतून कुंदाला छातीशी घेतल्यावरही तिचं सांगणं थांबलेलं नाही. गोठ्यावर दूध न्यायला येईल त्याला, पेंड घेऊन येणाऱ्या गाडीवाल्याला, पुण्याच्या ज्या मैत्रिणीला पत्र लिहील तिला, सगळ्यांना ती तेच सांगते आहे. तेव्हा तुम्हालाही सांगून ठेवायला तिची हरकत नसावी.

तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जाणार असेल तर पोलादपूरच्या पुढं, जिथं साकव होता तिथं उतरा. पाणी ओसरलं असेल तरच पलीकडं जा. करवंदीच्या जाळीतून वर निघालेली वाट सोडू नका. वाटेत बसायच्या जागा आहेत, दगडांच्या आडोशाला, त्या नीट पाहत जा. माथ्यावर पोचलात की पहिल्याच घरासमोर म्हशी बांधलेल्या दिसतील. दारातून हाक मारा. धोंडूबाई बाहेर येईल, चहाचं विचारील. तुम्ही आधी आबाजीला विचारा. आत झोपलाय म्हणाली तरी परत फिरू नका. आत जा, त्याला डोळ्यांनी पाहा, आणि कुमुदला कळवा.